विषय: मिश्र सॉफ्टबॉल – वॉकचं कलम

नमस्कार मंडळी,
आपल्या मिश्र सामन्यांच्या नियमांचा मसुदा वाचला. मैदानात पाच बायका, पाच पुरुष, बॅटिंग आलटूनपालटून, पुरुषांना १२ इंची चेंडू, बायकांना ११ इंची, सगळं पटलं. एकच कलम खटकलं. पुरुषाला वॉक (चार चेंडू बाहेर पडले की न मारताच मिळणारा बेस) मिळाला की तो थेट सेकंड बेसवर, आणि बाईला मात्र एकच बेस? हा उघड अन्याय आहे. काढून टाकावं.

*

दादा,
ते कलम पुरुषांना बक्षीस म्हणून नाही, पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, आवर घालायला आहे. क्रम आलटूनपालटून असला की प्रत्येक पुरुषामागे बाई येते. मग पिचर तगड्या बॅटरला मुद्दाम चार बॉल बाहेर टाकतो, फर्स्ट बेसवर धाडतो आणि मागच्या बाईला हक्काचा आउट धरून चालतो. एका सामन्यात माझ्या आधीच्या बॅटरला तिन्ही वेळा असंच सोडलं. तीन वेळा सगळ्यांसमोर तेच ऐकल्यासारखं वाटलं: तू आलीस, आता काळजी नाही. दोन बेस द्यावे लागले की हा सौदा पिचरला महाग पडतो, कारण सेकंडवरचा माणूस साध्या सिंगलवरही (एका बेसच्या फटक्यावर) होम बेस गाठून धाव काढू शकतो. पुष्कळ ठिकाणी दोन आउट असताना मागच्या बाईला वॉक घेण्याची मुभाही असते. घ्यायचा की मारायचं, हे तिने ठरवायचं. ते वाक्य मसुद्यातून सुटलंय, कृपया घाला.

आणि आउटफिल्डची (बेसच्या पलीकडच्या मैदानाची) रेषा हवीच. बाई बॅट घेऊन उभी राहिली की चारही आउटफिल्डर इनफिल्डला, म्हणजे बेसभोवतालच्या आतल्या भागाला, येऊन चिकटतात. मग तिने इनफिल्डवरून नीट मारलेला चेंडूही फर्स्टवर आउट होतो. चेंडू बॅटला लागेपर्यंत रेषा कोणी ओलांडू नये. अंतर मैदान बघून ठरवू.

*

ताई,
पिचरच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. हरकत मागे घेतो.

एक मात्र सुचवतो. बाई कमी असेल तर तिच्या जागी सक्तीचा आउट, हे नको. आलेल्या चौघींनी का भोगावं? बायकांची आणि पुरुषांची यादी वेगळी ठेवू, दोन्हींतून आळीपाळीने एकेक बॅटर. चारच जणी आल्या तर त्यांची पाळी लवकर येईल, इतकंच. पण तिच्या जागी जादा पुरुष उतरवायचा नाही. संघ नऊ जणांनीच खेळेल.

रविवारी रेषेसाठी चुना मी आणतो.