सातवीच्या पोरांना ‘पुरावा काय?’ विचारायला शिकवावं का?

सातवीच्या बाई: कोल्हापुरात पंचगंगा वाढली तेव्हा मी वर्गात पुराची बातमी तीन प्रकारे घेतली, पेपरातली वाचली, रेडिओवरची ऐकवली आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा व्हिडिओ दाखवला. पेपरात राजाराम बंधाऱ्याजवळची नदीची पातळी होती, इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला, सगळं. व्हिडिओत एकही आकडा नाही, नुसतं पाणी आणि धडधडणारं म्युझिक. आवाज बंद करून तोच परत लावला तर पोरं म्हणाली आता तेवढी भीती वाटंना. आणि मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणतोय, बाई, ह्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क हायत, हा २०२१ चा पूर असणार! मला आठवड्याला एक तास यासाठीच हवाय. पालकांना काय वाटतं?

शाहूपुरीतला पालक: राग मानू नका बाई, पण माझ्या पोराला एक परिच्छेद न अडखळता वाचता येत नाही. आधी वाचन पक्कं करा, शुद्धलेखन बघा. व्हिडिओ घरी दिवसभर बघतोयच की, शाळेत आणि कशाला?

प्रयाग चिखलीकर: मला तर हे अजिबात पटलेलं नाही. पोरगी घरी येऊन आजोबांना विचारते, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळंच पूर येतो याला पुरावा काय? २०१९ ला आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा त्या माणसानं अंधारात दावी कापून जनावरं सोडलीत. त्यांना पुरावा मागायचा? मोठ्यांना उलट बोलायला शिकवताय तुम्ही.

कॉलेजात शिकवणारा: मी बाईंच्या बाजूचा, पण एक खटकलं. मास्क दिसले म्हणजे २०२१ च हे कसं? मास्क आजपण लोक घालतात. त्या पोराची शंका चांगली हाय, पण तेवढ्यावर शिक्का मारला तर व्हिडिओ पाठवणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

सातवीच्या बाई: बरोबर आहे, तिथं मी घाईच केली. उद्या त्यालाच विचारते, अजून काय शोधशील म्हणून, दुकानाची पाटी, एखादं बांधकाम, जुन्या पेपरातला फोटो.

शाहूपुरीकर, वाचन मागं पडणार नाही हो. त्या दिवशी पोरांनी ती बातमी चार वेळा वाचली, आकडा शोधायचा होता म्हणून.

आणि चिखलीकर, तुमचं लागलं मनाला. आजोबांनी पाणी डोळ्यांनी बघितलंय, त्यावर कुणी शंका घेऊच शकत नाही. पण पाणी कशामुळं चढलं हा वेगळा प्रश्न. अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणात अडलेलं पाणी, कृष्णेत मागं येतो, म्हणून तिला मिळणाऱ्या पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, हे एक म्हणणं. धरणक्षेत्रातला पाऊस, राधानगरी धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे, पूररेषेतली बांधकामं, ही दुसरी. कुठल्या म्हणण्यामागं कसले आकडे लागतील, एवढंच मी पोरांना लिहायला लावलं. उत्तर मी दिलेलं नाही. पण घरी कसं विचारायचं ते सांगायला हवं होतं, ते राहिलं. आजोबांना वर्गात पाठवाल का? पोरं त्यांचं ऐकतील, लिहून घेतील, मग तेच पेपरातल्या बातमीशी ताडून बघतील.

शाहूपुरीतला पालक: चार वेळा वाचली म्हणताय तर ठीक, पण मराठीचा तास कापून नको. शनिवारी घ्या.

प्रयाग चिखलीकर: आजोबांना विचारलं. येतो म्हणाले. अलमट्टीवर मात्र ते माघार घेणार नाहीत, आधीच सांगून ठेवतो.