सोलापूर, संक्रांतीचे तीन दिवस: अक्षता, गड्डा आणि हुरडा कसं बसवावं?

पुणे_परत
संक्रांतीच्या सुमारास तीन दिवस सोलापुरात असू. सोबत आई (वय 72, गुडघेदुखी) आणि 6 व 10 वर्षांची मुलं. आईला सिद्धेश्वर यात्रेतली अक्षता (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाहसोहळा) बघायचीच आहे, मुलांना गड्डा (यात्रेची जत्रा). हुरडा आणि एखादी भटकंतीही जमेल का? गाडी आहे.

बाळीवेस
आधी तारखा तपासा, बाहेरगावचे लोक इथेच चुकतात. अक्षता संक्रांतीला नसते, भोगीला असते. म्हणजे संक्रांत 14 ला आली तर अक्षता 13 ला, 15 ला आली तर 14 ला. भोगीच्या आदल्या दिवशी यण्णीमज्जन (68 लिंगांना तैलाभिषेक), संक्रांतीला होम, किंक्रांतीला होम मैदानावर शोभेचं दारूकाम. तुम्ही भोगी, संक्रांत, किंक्रांत असे तीन दिवस धरा.

आईंना संमती कट्ट्यापाशी (अक्षता तिथेच पडते) गर्दीत उभं करू नका. सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) तिथे पोचेपर्यंत दुपार होते, डोक्यावर ऊन असतं आणि एकदा आत शिरलं की बाहेर पडता येत नाही. त्यापेक्षा सकाळीच बाळीवेशीत यात्रेच्या मानकऱ्यांच्या हिरेहब्बू वाड्याजवळ एखाद्या दुकानाच्या पायरीवर जागा धरा. मिरवणूक तिथूनच निघते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर आणि एवढी उंच काठी कमरेवर तोलून चालणारा एकटा माणूस, सगळं हाताच्या अंतरावरून दिसतं. त्याची नजर वर काठीच्या शेंड्याकडे असते, म्हणून मुलांना रस्त्याच्या कडेलाच ठेवा. अक्षता टाकायचीच असेल तर आईंसोबत मोठं एकच माणूस जाऊ दे, मुलं नकोत.

गड्डा महिनाअखेरपर्यंत असतो, पण या तीन दिवसांत संध्याकाळी सातनंतर पाळण्यांच्या रांगेतच वेळ जातो. चारला आत, साडेसहाला बाहेर. मुलांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच. धूळ उडते, रुमाल ठेवा.

कोवळं_कणीस
हुरडा संक्रांतीला सकाळी करा. शेतवाल्याला निघायच्या आदल्या दिवशी फोन करून एवढंच विचारा: ‘दाणा दुधात आहे की भरला?’ एका शेतात हुरडा जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. दाणा नखाने दाबल्यावर घट्टसर दूध आलं तर बरोबर. पाणी आलं तर चोळताना चेंदा होतो, काहीच आलं नाही तर भाजून टणक लागतो.

भाजताना जाळ नको. गोवऱ्या पूर्ण पेटू द्यायच्या, लाल निखारा झाला की कणसं त्यात खोचून फिरवत राहायची. जाळावर धरलं की कूस (दाण्यावरचं टरफल) जळते आणि दाणा आत कच्चाच राहतो. काढल्या काढल्या गोणपाटावर चोळा. गार झालं की दाणा सुटत नाही, कूस चिकटून बसते आणि मुलांच्या घशाला टोचते. म्हणून मुलांना नीट पाखडलेलाच द्या. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. आईंना थोडाच द्या, पोट जड होतं, आणि बसायला खुर्ची आधीच सांगून ठेवा. शेतात सतरंजीच मिळते.

माळरान
भटकंतीसाठी किंक्रांतीची सकाळ. बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक पक्षी दिसेल या आशेने जाऊ नका, आता तो फारच दुर्मीळ झालाय. काळवीट मात्र सकाळी चांगले दिसतात. उजाडताना पोचा, नऊनंतर ऊन चढलं की ते लांब सरकतात. भडक कपडे नकोत, गाडीची दारं आपटू नका. इतक्या लवकर उठणं जमणार नसेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव बघा, थंडीत तिथे पाहुणे पक्षी उतरतात. दुर्बीण घ्या, नाहीतर मुलांना नुसते ठिपके दिसतील.

पुणे_परत
फार उपयोग झाला. दारूकाम आईला कुठून दाखवू?

बाळीवेस
मैदानात नकोच. गर्दी एकदम सुटते आणि गुडघेदुखीवाल्या माणसाला तेच जड जातं. जवळपास कुणाची गच्ची मिळाली तर उत्तम, आकाशातलं सगळं तिथून दिसतं. गाडी दुपारीच लांब लावून ठेवा आणि आईंना रिक्षाने आणा. संपल्यावर अर्धा तास खाली उतरू नका.