मदत हवी आहे: १७७३ मध्ये तंजावर कसं वाचवू?

तंजावरचं भोसल्यांचं राज्य टिकलं असतं तर, या कल्पनेवर दीर्घकथा लिहितोय. इंग्रज-फ्रेंच लढायांतून ते तसं निभावलंच. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने पैशांसाठी वेढा घातला, पण त्याला हात हलवत परतावं लागलं. खरा घाव १७७३ चा. अर्काटच्या नवाबाने इंग्रज फौजेच्या जोरावर राज्य घेतलं, तुळजाराजे कैदेत. १७७६ मध्ये कंपनीने गादी परत दिली, पण कणा मोडलेलाच.

कथेत पुण्याहून कुमक आणून पाहिली, तर १७७३ च्याच ऑगस्टात नारायणराव पेशव्यांचा खून. तिकडून कोण येणार? हैदर अलीला बोलावलं तर तोच मुलूख गिळेल, कथा संपली!

१७७० च्या आधीचं काही बदलायचं नाही, आणि चमत्कार नकोत. राजाकडे खरं बळ एकच, कावेरीकाठचा तांदूळ. नवाब मद्रासमधल्या इंग्रजांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता. मग नवाबाच्या १७७१ च्या वेढ्यातून सुटल्यावर तुळजाराजांनी महसूल तारण ठेवून त्याच सावकारांना आपल्याकडे वळवलं, हे तुम्हाला पटेल का? की ते त्याच फासात अडकले असते?