पैठणी ऑनलाइन घ्यावी, ओळखीच्या दुकानातून घ्यावी, की सरळ येवला गाठावे?

अमरावतीकर:

नमस्कार. धाकट्या बहिणीचे लग्न माघात आहे आणि शालूऐवजी पैठणीच घ्यायची, असे तिने ठरवले आहे. तीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे. मात्र साडी कोठून घ्यावी, यावर घरात तीन मते पडली आहेत. आईचे म्हणणे असे, की आजीच्या काळापासून ज्या दुकानातून आपल्याकडची लग्नाची खरेदी झाली, ते दुकान सोडू नये. बहिणीने मोबाइलवर पन्नासेक साड्या निवडून ठेवल्या आहेत. त्यांत "अस्सल येवला पैठणी" या एकाच नावाखाली अठराशेपासून ऐंशी हजारांपर्यंतच्या साड्या आहेत आणि निम्म्यांवर पदराचे छायाचित्र एकच आहे. बाबा म्हणतात, बडनेऱ्याहून मनमाडला थेट गाड्या आहेत, तेथून येवला तीसएक किलोमीटर, तेव्हा विणकरांच्या गावीच जावे.

गेल्या आठवड्यात मी ओळखीच्या दुकानात जाऊन आले. अठ्ठावीस हजारांची एक राणी रंगाची साडी आवडली. ती हातमागावरची आहे का, असे विचारले, तर "ताई, शंभर टक्के प्युअर आहे" एवढेच उत्तर दोनदा मिळाले. अगदी तशीच दिसणारी साडी ऑनलाइन अकरा हजारांना आहे. हा फरक दुकानाच्या भाड्याचा आणि नफ्याचा आहे, की साडीच वेगळी आहे, हे कसे ओळखावे?

काठपदर:

आपल्याला मिळालेल्या उत्तरातच खरी गोम आहे. "प्युअर" हा शब्द रेशमापुरता असतो. साडी कोणत्या मागावर विणली, याविषयी तो काहीच सांगत नाही. शुद्ध रेशमाची, पण यंत्रमागावर विणलेली पैठणी बाजारात भरपूर आहे, आणि ती "प्युअर" म्हणून विकणारा दुकानदार शब्दशः खोटे बोलत नसतो. त्याखालची पायरी म्हणजे कृत्रिम धाग्याची "सेमी पैठणी". अठराशेला मिळते ती हीच. ती नेसू नये असे मी म्हणणार नाही, आमच्याकडेही हळदीकुंकवाला ती नेसली जाते. फक्त तिला हातमागाची किंमत देऊ नये.

हातमागावरील पारंपरिक पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या कांडीने (धागा गुंडाळलेल्या नळीने) घातला जातो, आणि एक रंग संपून दुसरा सुरू होतो तेथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवले जातात. मोराचा निळा धागा मोराच्या कडेपर्यंत जातो आणि तेथूनच मागे फिरतो. त्यामुळे पदर उलटून पाहिला, तर मागचा मोर पुढच्याइतकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागावर नक्षीचे धागे पदराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावतात; जेथे नक्षी नसते तेथे ते पाठीमागे मोकळे राहतात, मग ते कापून टाकतात किंवा जाळीच्या अस्तराखाली झाकतात. दुकानाचा खरा फायदा येथे आहे. पदर हातात धरून उलटा करता येतो. ऑनलाइन साडीची पुढची बाजू दहा कोनांतून दाखवतात. उलटी बाजू दाखवणारा विक्रेता मला आजवर क्वचितच आढळला.

मात्र "ओळखीचे दुकान" या दोन शब्दांवर विसंबू नये, हेही अनुभवाने सांगतो. वहिनीसाठी आम्ही पैठणी घेतली ती वडिलांच्या मित्राकडून, आणि ओळख असल्यामुळेच कोणी ती उलटून पाहिली नाही. फॉल लावायला दिली, तेव्हा त्या बाईंनी पदरामागची जाळी बोटाने वर करून दाखवली. ओळख होती म्हणून भांडताही आले नाही. ऑनलाइन फसलो असतो, तर निदान तक्रार करायला संकोच वाटला नसता.

खुणांबद्दल थोडेसे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून सुरू असलेला "सिल्क मार्क" फक्त रेशमाच्या शुद्धतेची ग्वाही देतो. हातमागाची ग्वाही हवी असेल, तर 2006 मध्ये सुरू झालेले "हँडलूम मार्क" हे चिन्ह पाहावे लागते. पहिले चिन्ह दाखवून दुसऱ्याचे काम भागवण्याची युक्ती दुकानातही चालते आणि ऑनलाइनही.

डब्लिनवासी:

ज्यांच्या गावात निवडीला दुकाने आहेत, त्यांच्यासाठी हा वाद आहे. आमच्याकडे पैठणी उलटून पाहायची तर ती आधी टपालाने यावी लागते. मी दोन साड्या व्हिडिओ कॉलवर पाहून घेतल्या. विक्रेत्याने विचारताच पदराची पाठ दाखवली, इतकेच नव्हे, तर मागावर चढलेली अर्धी साडीही दाखवली. फसगत झाली ती रंगात. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला, की पैठणीचा रंग प्रकाशाबरोबर आणि घडीबरोबर बदलतो, आणि नेमके तेच कॅमेऱ्याला पकडता येत नाही. मी जांभळी म्हणून मागवलेली साडी उन्हात लालसर दिसते. सुदैवाने मला ती आवडली. नवरीची साडी मात्र मी अशा सुदैवावर सोडली नसती.

हिशेबनीस:

पुढे बिनसले, तर कोठे दाद मिळेल, हाही दुकान निवडण्याचाच भाग आहे, म्हणून थोडे कायद्याविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा जुलै 2020 पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे स्वतंत्र नियमही आले. त्यांनुसार ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे लागते. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. "हातमाग" लिहून यंत्रमागाची साडी पाठवली, तर हा नियम थेट लागू होतो. म्हणून मागणी नोंदवताना त्या पानाचे छायाचित्र जपून ठेवावे, कारण तक्रार गेल्यावर पानावरचा मजकूर बदललेला मी पाहिला आहे.

दुकानदारही यातून सुटत नाही. मागूनही बिल न देणे ही कायद्याच्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर नमूद मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत न घेणे हीदेखील तशीच प्रथा ठरते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही भिंतीवरची पाटी सदोष मालाच्या बाबतीत निरर्थक आहे. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी 1915 हा क्रमांक आहे. अडचण एवढीच, की बिलावर नुसते "साडी, नग 1" असे लिहिले असेल, तर आपल्याला काय सांगून विकले, हे सिद्ध कशाने करणार?

अमरावतीकर:

सर्वांचे आभार. काल पुन्हा दुकानात जाऊन त्या राणी रंगाच्या साडीचा पदर उलटून पाहिला. मागे जाळी होती. दुकानदारांनी मग मान्य केले, की ही यंत्रमागावरची आहे आणि हातमागाची हवी असल्यास ते येवल्याहून दोन-तीन साड्या मागवून दाखवतील. आता प्रश्न असा, की त्यांच्यामार्फत घेण्यापेक्षा आम्हीच येवल्याला जाऊन विणकराकडून थेट घेतली, तर स्वस्त आणि खात्रीची मिळेल का?

येवलेकर:

आमच्या घरी माग आहे, म्हणून लिहितो. "विणकराकडून थेट" हे ऐकायला जितके सोपे वाटते तितके नाही. येथील बरेच विणकर व्यापाऱ्याकडून रेशीम आणि जर घेतात, साडी विणून देतात आणि मजुरी घेतात. साडी त्यांच्या मालकीची नसते. ज्यांचे स्वतःचे भांडवल आहे, ते थेट विकतात, आणि तेथे काही रक्कम वाचतेही. पण येवल्यात आले म्हणजे पुढ्यात आलेली प्रत्येक साडी येवल्याच्या हातमागावरची, असे समजू नका. यंत्रमागाचा मालही येथे येतो आणि याच रस्त्यांवर विकला जातो.

पदर उलटून पाहण्याच्या कसोटीला माझी एक दुरुस्ती आहे. ब्रोकेड, म्हणजे दाट भरलेल्या नक्षीचा, काठ हातमागावरही जकार्ड (नक्षीप्रमाणे धागे उचलणारे यंत्र) लावून विणला जातो आणि त्याच्या पाठीमागे धागे दिसतात. तेवढ्यावरून साडी यंत्रमागाची ठरवली, तर विणकरावर अन्याय होतो. कसोटी पदराला लावा, तसेच मुनिया (पोपटांच्या नक्षीचा) किंवा नारळी (नारळाच्या नक्षीचा) अशा पारंपरिक काठाला लावा. ब्रोकेड काठाला लावू नका. जरीबद्दलही विचारा. आज बहुतेक साड्यांत सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जर नसते, आणि तीस हजारांत तिची अपेक्षाही धरू नये.

या रकमेत साध्या काठाची, पदरावर मोजके मोर असलेली हातमागाची साडी मिळते. पदरभर दाट नक्षी आणि अंगभर बुट्टे असलेली साडी या भावात कोणी दाखवली, मग ते दुकान असो वा मोबाइल, तर ती दोनदा उलटून पाहा. साध्या पदराच्या साडीला एका माणसाचा महिनाभर सहज जातो आणि भरगच्च पदराला सहा महिनेही पुरत नाहीत. किंमत त्या दिवसांची असते.

आपल्या दुकानदारांनी खोटे रेटून न नेता मान्य केले, ही गोष्ट मी हलकी मानणार नाही. त्यांनी मागवलेल्या साड्या पाहा, आणि बिलावर "हातमाग पैठणी, शुद्ध रेशीम" असे शब्द त्यांच्या सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. लिहिण्यास ते तयार झाले, तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी मी तेथूनच घेईन, कारण उद्या जरीचा धागा निघाला किंवा रफू करायची वेळ आली, तर येवला तुम्हाला दूर आहे आणि ऑनलाइन विक्रेत्याचे ते कामच नव्हे. लिहिण्यास कां-कूं केली, तर मनमाडची गाडी पकडा.

अमरावतीकर:

साड्या आल्या. राणी रंगाची, मुनिया काठाची एक साडी एकतीस हजार पाचशेला ठरली. पदराची पाठ स्वच्छ आहे. दुकानदारांनी "हातमाग" हा शब्द लिहिताना थोडा वेळ घेतला, पण लिहिला. बाबांनी मनमाडची तिकिटे रद्द केलेली नाहीत. आता आईसाठी पाहायची म्हणतात.