‘बाधित पेशी’ की ‘लागण केलेल्या पेशी’?

प्रश्न: एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. कीटकांच्या पेशींत बॅक्युलोव्हायरस सोडला आणि त्या अख्ख्या पेशीच उंदरांना टोचल्या, असा प्रयोग आहे. मी लिहिलं, ‘विषाणूबाधित कीटकपेशींची प्रायोगिक लस’. भावाने वाचून विचारलं, ‘म्हणजे उंदरांना आजारी पाडलं?’ घोळ नेमका कुठे आहे?

– ‘बाधित’मध्ये. पूरबाधित, कोरोनाबाधित, झालंच तर भूतबाधा. या शब्दाला सोसण्याचा वास आहे. शिवाय लागण आपोआप ‘होते’, इथे ती मुद्दाम ‘केली’ आहे. ‘लागण केलेल्या पेशी’ म्हणा. कानाला खडबडीत लागेल, पण कर्ता दिसतो. ‘संक्रमित’ मला तरी नको. मराठीत संक्रमण म्हटलं की आधी सूर्यच राशी बदलतो.

– शब्द बदलून भावाची शंका जाणार नाही. हा विषाणू अळ्यांचा, उंदराच्या पेशीत त्याची वाढ होत नाही, हे एका वाक्यात सांगाच. त्याच्या पॉलिहेड्रिन या प्रथिनाच्या जनुकाच्या जागी रोगाच्या विषाणूचं एखादं जनुक बसवतात (ही युक्ती १९८३ची). मग कीटकपेशी त्या रोगाचं एकच प्रथिन भरभरून बनवते, आख्खा रोगजंतू नव्हे. उंदीर त्या प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतो. तुलनेच्या गटाला ते जनुक नसलेल्या बॅक्युलोव्हायरसची लागण केलेल्या पेशी देतात, म्हणजे परिणाम प्रथिनाचा की नुसत्या पेशींचा ते कळतं.

– ‘कीटकपेशी’ ठीक, पण किडे वाटून टोचले असं वाटू नये. अशा प्रयोगांत नेहमी वापरतात त्या एसएफ-९ नावाच्या पेशी मुळात लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयातून घेतलेल्या. आता बाटलीत २७ अंशांवर वाढतात.

– आणि ‘लस’? फ्लुब्लॉक ही फ्लूची लसही कीटकपेशींतच बनते, पण तिथे प्रथिन शुद्ध करून घेतात. इथे पेशीच टोचल्यात. ‘पेशी लस म्हणून टोचल्या’ असं क्रियापद वापरून लिहा.

प्रश्नकर्ती: ‘विषाणूची लागण केलेल्या कीटकपेशी उंदरांना लस म्हणून टोचल्या.’ चालेल? आणि पुढे ‘लसीचा’ की ‘लशीचा’?

– वाक्य चालेल. दोन्ही रूपं छापली जातात. मी ‘लशीचा’ लिहितो, म्हैस-म्हशीचा, घूस-घुशीचा तसं. जखमेतून वाहते तीही लसच. देवीची पहिली लस गोस्तन देवीच्या (गाईंना होणाऱ्या देवीच्या) फोडातलीच होती, त्यामुळे शब्द तिथे चपखल बसला. पेशींच्या बाबतीत जरा ताणावा लागतो.