क्लीव्हलँडजवळ मार्चमधले स्टीलहेड: कधी जावं, काय न्यावं?

गळपट्टा
लहानपणी मामाकडे वाशिष्ठीत तंगूस टाकून शिंगाळे काढलेत, अनुभव तेवढाच. गेल्या मार्चमध्ये दोन शनिवार स्टीलहेडसाठी (ईरी सरोवरातून नदीत चढणारा रेनबो ट्राउट मासा) रॉकी नदीवर गेलो आणि हात हलवत परत आलो. एकदा पाणी चहासारखं होतं. दुसऱ्यांदा इतकं नितळ की उथळ पाण्यात जोडीने मासे दिसत होते, पण आमिषाकडे ढुंकून बघेनात. यंदा कुठला आठवडा धरू?

डोहकरी
आठवडा नको, पाणी धरा. बेरियाजवळ यूएसजीएसचं (अमेरिकेची सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था) नदीचा प्रवाह मोजणारं केंद्र आहे, आकडे नेटवर दिसतात. पावसाने आलेख चढला की घरी बसा. उतरताना सेकंदाला 400 घनफुटांच्या खाली आला की मी निघतो. रंग शेवाळी हिरवा हवा. गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक अंधुक दिसलं की समजा जमलं. इथला तळ शेल खडकाचा, पाणी मुरत नाही, त्यामुळे नदी चढते झटकन आणि उतरतेही झटकन. इथलीच दुसरी, ग्रँड नदी मात्र निवळायला फार वेळ लावते.
आणि पहाटे कुडकुडत जाऊ नका. पाणी 40 फॅरनहाइटच्या खाली असेल तर मासा डोहाच्या तळाशी सुस्त पडून असतो. मार्चच्या सुरुवातीला अकरा ते तीन ही वेळ बरी.
आमिष: गाबोळी, जाळीच्या पुरचुंडीत बांधून.

गळपट्टा
गाबोळी आमिषाला?! आईला सांगायची सोय नाही.

चिंगळी
तळलेली नाही हो, कच्ची :) गढूळ पाण्यात मोठी पुरचुंडी, भडक गुलाबी जाळी. नितळ पाण्यात वाटाण्याएवढी, फिकट, आणि तंगूस 6 पौंडी, म्हणजे तेवढा ताण पेलणारं. फ्लोट (तंगुसावरचा तरंगता बोंडा) पाण्यावरच्या फेसापेक्षा किंचित हळू वाहायला हवा, कारण तळाशी पाण्याचा वेग कमी असतो. तो मधूनच अडखळला तर खोली बरोबर आहे.
तुम्हाला दिसलेली ती जोडी बहुतेक अंडी घालत होती. काळपट गोट्यांमध्ये घासल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला तर तो मादीने शेपटीने उकरलेला असतो. तिथे गळ नको, पायही नको. पॅसिफिक सामनसारखा हा मासा अंडी घालून मरेलच असं नाही. बरेच ईरी सरोवरात परततात, पुन्हा येतात. एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवर असलेले भुकेले असतात, तेव्हा या.

डोहकरी
+1. परवाना विसरू नका. 15 मेपर्यंत दिवसाला दोनच मासे, 12 इंचांच्या वरचे. बुटांना खिळे लावून घ्या. ओल्या शेलवर मी दोनदा आडवा झालोय.

गळपट्टा
मंगळवारी अर्धी रजा टाकली. आकडा 360, पाणी हिरवं. दीडच्या सुमारास फ्लोट गडप! मासा दोनदा हवेत उसळला, मग दोरा सैल. ओढून बघतो तर टोकाला गळच नाही, गाठीपाशी तंगूस कुरळं झालेलं.

चिंगळी
गाठ आवळताना थुंकीने ओली केली होती का? कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस कमजोर होतं.

गळपट्टा
...नाही.