वय २६, रोज धावते, तरी डेक्सा रिपोर्टवर 'ऑस्टिओपेनिया'. मदत हवी आहे

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. ती लांब पल्ल्याचं धावते. गेल्या वर्षी नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला बारीक चीर) झालं, ते भरून आलं आणि आता पायाच्या पंजात तेच. हाडांची घनता तपासायची का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "एवढ्या तरुण मुलीला कशाला? ते पासष्टीनंतर." आम्ही हट्टाने डेक्सा करून घेतली.

मणक्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना) उणे १.६, झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्यांशी तुलना) उणे १.५. खुब्याचं ठीक आहे. खाली ठळक अक्षरांत 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे हाडांची घनता कमी. सल्ला: कॅल्शियमच्या गोळ्या घे, पुढे बघू. आई तर आता तिला जिनाही उतरू देत नाही. हे खरंच काळजीचं आहे का? गोळ्यांवर भागेल का?

प्रतिसाद १
मी खेळाडूंची फिजिओथेरपी करते. तो ठळक शब्द आधी बाजूला ठेवा. टी-स्कोअरवरून ऑस्टिओपेनिया ठरवायची पद्धत पाळी गेलेल्या बायकांसाठी आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आहे. हिच्या वयात झेड-स्कोअर बघायचा. तो उणे २ किंवा त्याखाली असला तर 'वयाच्या मानाने कमी' म्हणतात, म्हणजे तसं ही त्यात बसत नाही. पण धावणाऱ्यांची हाडं भार सोसून चारचौघांपेक्षा दणकट असायला हवीत, म्हणून खेळाडूंमध्ये उणे १ च्या खाली गेलं की आम्ही कान टवकारतो.

आणि पासष्टीचा नियम काही तक्रार नसलेल्या बायकांच्या सरसकट तपासणीचा. इथे हाड दोनदा चिरलंय!

पाळी नियमित आहे का? वजन उतरलंय? कधी स्टिरॉइड घेतलेत?

धागाकर्ती
स्टिरॉइड नाहीत. पण पाळी पाच महिने आलेली नाही. म्हणते, "ट्रेनिंग वाढलं की सगळ्यांचं असंच होतं, ताई." हलकं राहायचं म्हणून रात्रीचं जेवणही जवळपास बंद केलंय. हे डॉक्टरांनी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही.

प्रतिसाद १
मग मुद्दा हाच. ऊर्जेच्या खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं आणि हाड झिजतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' (खेळाडूंमधली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) नाव दिलं. नुसतं कॅल्शियम इथे पुरणार नाही, पोटभर जेवण हेच मुख्य औषध. पाळी तीन महिने चुकली तरी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोन्सचा डॉक्टर) गाठायचा असतो. गरोदरपणाची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच-एलएच आणि इस्ट्रॅडिऑल (पाळीशी संबंधित हार्मोन्स), ड जीवनसत्त्व, फेरिटिन (लोहाचा साठा), सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनचा आजार), एवढ्याची चौकशी करा. पाळी आणायला गर्भनिरोधक गोळी सुचवली, तर हाडांचं काय ते नक्की विचारा. तिने रक्तस्राव होतो, मूळ कारण मात्र झाकलं जातं. पुढचा डेक्सा साधारण वर्षाने, शक्यतो त्याच मशीनवर.

प्रतिसाद २
पुरुषांनीही वाचा हे. आमच्या सायकलिंगवाल्यांत पाळीसारखी धोक्याची घंटाच नाही. टेस्टोस्टेरॉन पडतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. वर सायकलने हाडांवर भारही येत नाही. शिबिरात टाचेवर लावतात त्या अल्ट्रासाउंडवर मात्र निदान ठरवू नका.

धागाकर्ती
खूप आभार. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय. पंजा बरा होईपर्यंत ती पोहली तर चालेल?

प्रतिसाद १
हाडांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं आणि दुखत नसेल तर चालेल. पण आधी रात्रीचं जेवण सुरू करा, मग तलाव.